इटाळ्याची बदकं

"छर्रा कुठं लागलाय ते सांग," बाबा म्हणाले.

मी नकट्याचं डोकं हातात धरून सगळीकडून फिरवून पाहिलं. नकटा म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात थोराड बदक. नराच्या चोचीवर मांसाचा काळा उंचवटा असतो आणि पांढऱ्या मानेवर शाई शिंपडावी तसे ठिपके. पिसं खालपर्यंत स्वच्छ होती. भोक नव्हतं, रक्ताचा डाग नव्हता.

"कुठंच नाही, बाबा."

"छातीत लागला असंल." त्यांनी पक्षी माझ्या हातातून घेतला आणि बोटांनी चाचपला. मोतीबिंदूमुळं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बाकी सगळं बोटं बघायची. मग त्यांनी पोत्यात हात घालून दुसरा पक्षी काढला, तिसरा काढला. त्यांचा चेहरा उजळत गेला. "असं एक डोकं वर्षातून मिळते, माय. आज तर सारीच अशी आहेत. फागू, कोणाचा नेम हा?"

फागू नान्हे दारातच उभा होता. तो इटाळ्याच्या तलावावर मासे धरणारा ढीवर. शिकारीच्या दिवसांत जंगल आणि तलाव घेतलेल्या ठेकेदाराची नाव वल्हवायचा आणि मारलेले पक्षी आमच्याकडं पोचवायचा. एरवी आला की ओसरीवर बसून चहा प्यायचा, तलावावर काय उतरलंय त्याच्या गोष्टी सांगायचा. त्या दिवशी आत आला नाही.

"असंल कोनाचा तरी," तो म्हणाला. "मुंडकी कापून घे, गोदाबाई. मले पोतं घेऊन जायचं हाय."

मी कामाला लागले.

ही गोष्ट शिकारीवर बंदी यायच्या आधीची. माझे वडील कृष्णाजी हेडाऊ तरुणपणी नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, प्राण्यांत पेंढा भरायचं काम शिकले होते. पुढं एका जमीनदाराच्या पदरी इटाळ्याला आले आणि जमीनदारी गेल्यावरही तिथंच राहिले. गाव त्यांना पेंढामास्तर म्हणायचं. मी लग्न मोडून माहेरी आले तेव्हा त्यांची नजर जायला लागली होती. त्यांनी मला रडत बसू दिलं नाही. हातात चाकू दिला आणि समोर एक मेलेलं तलवार बदक ठेवलं. चार-पाच वर्षांत माझा हात बसला. ते शेजारी बसून सांगायचे, मी करायची.

बदकाचं डोकं सोलणं अवघड असतं. कोंबडी, तितर यांची कातडी मानेवरून पायमोज्यासारखी उलटी करत नेली की डोक्यावरून निघून येते. बदकाची मान बारीक आणि कवटी रुंद. कातडी कवटीशी येऊन अडते. ओढली तर फाटते. म्हणून मानेच्या मागच्या बाजूनं, पिसं विलग करून, एक उभा छेद द्यायचा आणि कवटी त्या फटीतून बाहेर काढायची. कानाच्या पडद्याशी थांबायचं, पापणीशी तर श्वासच धरायचा. मग मेंदू, डोळे, जीभ काढून टाकायची, कातडीची चरबी बोथट सुरीनं खरवडायची, लाकडाचा भुसा लावून तेल टिपायचं. सगळ्यात शेवटी आतून साबण. हा साबण बाबा घरी शिजवायचे: अंगाचा साबण, चुना, कापूर आणि सोमल. सोमलामुळं कातडीला कीड लागत नाही. सोमल म्हणजे जहर, हे घरातल्या मांजरालाही माहीत असावं अशी बाबांची शिस्त होती. पक्ष्याचं धड घराबाहेर गेल्याशिवाय साबणाच्या बरणीचं झाकण उघडायचं नाही. कारण धडं ढीवर मोहल्ल्यात जायची. ती खाल्ली जायची.

त्या वर्षी या ठेकेदारानं तलावाच्या काठी बंगला बांधला होता. नागपूरहून, जबलपूरहून मोठे पाहुणे यायचे होते. बैठकीच्या भिंतीवर तलावातल्या प्रत्येक जातीच्या बदकाचं डोकं, सागवानी फळीवर बसवलेलं, त्याला हवं होतं. पण ठेकेदाराचा नेम असा की पक्षी पडला तर डोक्याचा चुरा झालेला असायचा. त्याचे दिवाणजी कितीदा तरी येऊन गेले होते. "मास्तर, साहेबांना डोकी हवीत, खिमा नको," असं म्हणून तेच हसले होते.

आणि आता पोतंभर शाबूत डोकी आली होती. चक्रवाक, तलवार, थापट्या, नकटा. मी प्रत्येकाच्या चोचीत आधी कापसाचा बोळा कोंबला. घशातलं पाणी बाहेर येऊन पिसं खराब होऊ नयेत म्हणून हे पहिल्यांदा करायचं असतं. मग छातीजवळून, मान पूर्ण लांब ठेवून, डोकी कापली. धडं पोत्यात परत भरली. बाबांनी पोत्याचं तोंड स्वतः बांधलं. सकाळीच त्यांनी अंगणात नवा साबण शिजवून बरणीत भरला होता. त्या हातांवर मी तांब्याभर पाणी ओतलं होतं, राख दिली होती, पुन्हा पाणी ओतलं होतं. पोत्याला हात लावायच्या कितीतरी आधी.

फागूनं पोतं खांद्यावर टाकलं.

"सायत्रावहिनीला सांग, कलेजी-पेटा चिंधीला दे म्हणावं," मी म्हटलं. सायत्रावहिनी त्याची बायको, चिंधी पोरगी. पाच वर्षांची. आधीची दोन मुलं गेल्यावर ही जगलेली, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव, चिंधी.

फागूनं माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेला.

मी त्या दिवशी नकट्याचं एकच डोकं सोललं. त्याच्या चोचीवरचा उंचवटा सुकला की आक्रसतो. तो आतून कोरून मेण भरावं लागतं. त्यातच संध्याकाळ झाली. बाकीची डोकी ओल्या फडक्यात गुंडाळून गार माठात ठेवली. पौषातली थंडी होती. दोन दिवस काही बिघडणार नव्हतं.

दिवेलागणीला ढीवर मोहल्ल्यातून आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी पळत दवाखान्याकडं गेलं. सकाळपर्यंत तीन माणसं गेली होती: सायत्रावहिनी, चिंधी आणि शेजारचा एक म्हातारा, ज्याच्या घरी वहिनीनं वाटीभर रस्सा पाठवला होता. आणखी बरेच जण दवाखान्याच्या ओसरीत पडून होते, तोंडाला फेस, अंगाला झटके.

फौजदार आमच्या घरी आले तेव्हा मी बाबांना चहा देत होते. फौजदार वाईट माणूस नव्हता. टोपी काढून बसला. त्याची नजर कोनाड्यातल्या बरणीवर गेली. बरणीवर बाबांनीच कवटीचं चित्र काढून चिकटवलं होतं.

"हे काय आहे, मास्तर?"

"साबण आहे. सोमल असते त्यात."

"आणि कालची बदकं याच घरातून गेली?"

बाबांचा कप हातात तसाच राहिला. फौजदार काय म्हणताहेत ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ते एकदम माझ्याकडं वळले. "माय, मी हात धुतले होते का?"

"धुतले होते, बाबा. मीच पाणी घातलं."

"पोत्याचं तोंड मी बांधलं."

"त्याच्या आधीच धुतले होते. राखेनं घासले होते."

"मला आठवत नाही," बाबा म्हणाले. ते स्वतःचे तळहात डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. त्यांना दिसत तर काहीच नव्हतं. "मला आठवत नाही ग."

"मास्तर, तुमच्या हातून विष मांसाला लागलं असेल का?" फौजदारानं विचारलं.

"असंल," बाबा म्हणाले. "दुसरं काय असंल?"

मी ओरडले, फौजदारांना हात धुतल्याचं सांगितलं, देवाची शपथ घेतली. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "पोरगी मला वाचवायला बोलते, साहेब. तिचं लिहू नका."

फौजदार बाबांना घेऊन गेले. बरणीही घेऊन गेले.

दुपारी मी डबा घेऊन ठाण्यात गेले. बाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. हात मांडीवर उताणे ठेवलेले, जणू दुसऱ्या कोणाचे असावेत. डबा उघडला तरी त्यांनी मान फिरवली.

"बाबा, थोडं खा."

"कोणत्या हातानं खाऊ?"

"मी भरवते."

"चिंधी ओसरीवर यायची," ते म्हणाले. "तिला मी नकट्याचं पीस दिलं होतं. तिनं केसांत खोवलं होतं. तू सांगितलं होतंस, लाल रिबिनीत." पाणीही प्यायले नाहीत. मी डबा तसाच परत आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी आले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. "वाईट झालं," म्हणाले. "मास्तरांसारखा माणूस. साहेब फार हळहळले. आता काम काही होत नाही. ती मुंडकी परत देऊन टाक. जिथं असतील तिथून, आहेत तशी."

"नकट्याचं सोललंय. बाकीची नाहीत अजून."

"तशीच दे. साहेबांनी सांगितलंय, अशुभ वस्तू घरात नको. मी नेऊन जाळतो."

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. दोन महिने डोक्यांसाठी ज्यानं आमचा पिच्छा पुरवला, तो आता ती जाळायला मागत होता. आणि आमच्या घरातल्या अशुभाची काळजी ठेकेदाराला कधीपासून लागली?

"माठातून काढून, निथळून ठेवते," मी म्हटलं. "दुपारी माणूस पाठवा."

ते गेले तशी मी दाराला कडी घातली आणि माठातलं फडकं सोडलं. वरतीच तलवार बदक होतं. मी चिमट्यानं चोचीतला कापूस ओढला. कापूस निघताना घशातून वास आला. ठेचलेल्या लसणासारखा, पण त्यात घासलेटाची झाक. मी मान उलटी धरली आणि कापलेल्या टोकाकडून चोचीकडं अंगठ्यानं दाबत आणली. फडक्यावर तांदूळ पडले. फुगलेले, निळसर तांदूळ. मूठभर.

बदकांची एक रीत असते. भराभरा खाताना ती अन्न गळ्यात साठवतात. मग ते सावकाश पोटात उतरतं. या पक्ष्यांना तेवढाही वेळ मिळाला नव्हता. मी चक्रवाक काढला. तांदूळ. थापट्या. तांदूळ. शेतात सांडलेलं धान असतं तर समजू शकले असते. हे कांडलेले, पांढरे तांदूळ होते. ते तलावात आपोआप येत नाहीत. कोणीतरी टाकले होते. म्हणूनच एकाही डोक्याला छर्रा नव्हता.

मी दोन डोकी आणि ते तांदूळ फडक्यात बांधून, पदराखाली घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर पाध्ये रात्रभर झोपले नव्हते; दाढी वाढलेली, शर्टाला डाग. त्यांनी तांदूळ नाकाशी नेले आणि लगेच दूर धरले.

"फवारणीचं औषध आहे हे," ते म्हणाले. "मला पहिल्यापासून वाटत होतं. सोमलानं माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या अशा टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत. मी फौजदारांना म्हटलं, नागपूरचा अहवाल येऊ द्या. ते म्हणाले, कबुली माझ्या हातात आहे, अहवालाची वाट कशाला बघू?"

"मग आता तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगतो. लिहूनही देतो. पण ते विचारतील, तांदूळ कोणी टाकले? तुमच्या वडिलांनीच नाहीत कशावरून? त्यांना नाव लागेल, गोदाबाई."

नाव मला माहीत होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच माहीत होतं. पक्षी आणले कोणी?

ढीवर मोहल्ला तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी. फागूच्या दारात दोन वीट-चुली लागल्या होत्या, शेजारणी पेज करत होत्या. अंगणात भिंतीशी त्याची म्हातारी आई, बायजाआई, बसली होती. ती वाचली होती, कारण दात नसल्यामुळं ती मांस खात नसे. फागू आत जमिनीवर बसला होता. मी त्याच्यासमोर फडकं उघडलं. डोकं, मान, तांदूळ.

त्यानं पाहिलं. नजर चुकवली नाही.

"बाबांना नेलं ठाण्यात," मी म्हटलं.

"मालूम हाय मले."

"ते जेवत नाहीत. पाणीही घेत नाहीत. त्यांना वाटतं, त्यांच्या हातून झालं."

फागूनं भिंतीला पाठ टेकली. मग बोलायला लागला तर अगदी साध्या आवाजात, नाव कुठं लावली ते सांगावं तसा.

"दिवाणजीनं बाटली देल्ली. म्हने तांदूळ भिजव अन् पहाटे पान्याच्या काठानं फेक. म्हने डोस्की साबूत पाहिजेत, साहेब बोंबलते. मी नाई म्हनलो. तर म्हने, मग तलावाचा ठेका साहेब दुसऱ्याले देते, तू मच्छी कुठं मारशीन? मी फेकले. पाखरं पान्यातच गोल गोल फिरली, गोदाबाई. ओरडली नाई. नुसती फिरली, अन् मान टाकली."

"आणि मांस?"

"दिवाणजी म्हने, मुंडकी मास्तरकडे दे अन् धडं पुरून टाक, कोनाले सांगू नोको. तुमच्याकडून निंगालो, पोतं घरी आनलं. मले परत तलावावर जायचं होतं, बाकीची मेलेली पाखरं कोनाच्या नजरेस पडायच्या आंदी येचायची होती. सायत्राले म्हनलं, हे पुरून टाक, खड्डा खोल कर. थे म्हने, काहून? एवढं मांस काहून पुरू? मी म्हनलं, सांगतलं तेवढं कर."

त्यानं फडक्यावरचा एक तांदूळ बोटानं सारला.

"काहून, थे नाई सांगतलं मी."

"का नाही सांगितलं, फागूदादा?"

"लाज वाटली. माह्या बापानं, आज्यानं जाळं टाकलं या पान्यात. जहर कोनी नाई टाकलं. बायकोले कसं सांगू?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिले वाटलं असंल, ठेकेदाराच्या भेवानं पुराले सांगतो मी, घरच्याले उपाशी ठेवतो. पोरगी दिवाळीपासून मांस मागे."

बाहेर बायजाआई उठून दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भिंत धरत आत आली आणि माझ्यासमोर खाली बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरी, जे गेले ते गेले. ह्याले राहू दे."

"आई, माझे वडील..."

"तुहा बाप म्हातारा हाय. आंधळा हाय. त्याले सोडतीन सरकार, चार महिन्यांनी सोडतीन. ह्याले नाई सोडनार. मले आता कोन हाय, सांग? कोन हाय?"

मला समोर बायजाआई दिसत होती आणि तिच्यामागं, उताणे हात मांडीवर ठेवून बसलेले बाबा.

"ते मरतील, आई," मी म्हटलं. "तुरुंगात जायच्या आधीच मरतील. त्यांनी काही केलेलं नाही."

"ह्यानं तरी काय केलं? पोट भरलं."

फागू उठला. खुंटीवरची बंडी काढून अंगात घातली. "चाल, गोदाबाई," म्हणाला.

म्हातारीनं त्याचा पाय धरला. त्यानं वाकून तिची बोटं एकेक करून सोडवली, जाळ्यातून मासा सोडवावा तशी, सावकाश. मग तो बाहेर पडला आणि मी त्याच्या मागून. मोहल्ल्यातली सगळी माणसं उभी राहून बघत होती. कोणी अडवलं नाही.

ठाण्याच्या दारात फौजदारानं मला बाजूला घेतलं. फागू आत बाकावर बसला होता.

"बाई, शहाण्या असाल तर ऐका. हा माणूस ठेकेदाराचं नाव घेईल. दिवाणजी म्हणतील, बाटली गोदामातून चोरीला गेली. साक्षीदार कोण? कोणी नाही. ठेकेदार सुटणार, दिवाणजी सुटणार. राहिला हा. तुमच्या वडिलांवर निष्काळजीपणाचा खटला होईल, वय बघून कोर्ट सोडूनही देईल. याचं तसं नाही. यानं समजून-उमजून विष टाकलंय. पुन्हा विचार करा. मी अजून काही लिहिलेलं नाही."

"तुम्हाला खरं काय ते कळलंय ना?" मी विचारलं.

"कळलंय."

"मग लिहा."

त्यांनी लिहिलं. मी डोकी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी त्यांचा कागद पाठवला. संध्याकाळी बाबांना सोडलं.

मी त्यांना हात धरून घरी आणलं. वाटेत सगळं सांगितलं. तांदूळ, औषध, दिवाणजी, फागू. ते ऐकत होते. घरी आल्यावर मी पाणी दिलं, ते प्यायले. भात कालवून दिला, चार घास खाल्ले. मला वाटलं, सुटलो. मग ते म्हणाले, "फागूचं कोणी राहिलं का घरी?"

"त्याची आई."

"हं," ते म्हणाले, आणि ताट बाजूला सारलं.

फौजदार म्हणाला होता तसंच सगळं झालं. कोर्टात दिवाणजी धुतलेलं धोतर नेसून आले आणि बाटली चोरीला गेल्याचं त्यांनी शपथेवर सांगितलं. ठेकेदाराला तर कोणी बोलावलंही नाही. माझी साक्ष झाली. मी पाहिलं तेवढं सांगितलं, फागूकडून ऐकलं तेही सांगितलं. ऐकीव म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. फागू पिंजऱ्यात उभा होता. न्यायाधीशांनी विचारलं, तुला काही म्हणायचंय का? तो म्हणाला, "मी बायकोले सांगाले पायजे होतं." त्यांनी ते कबुली म्हणून घेतलं. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. नागपूरच्या जेलमध्ये नेलं.

बाबांनी पुन्हा पक्ष्याला हात लावला नाही. दिवसातून कितीदा तरी हात धुवायचे. मी समजावून थकले. "माहीत आहे ग मला," म्हणायचे आणि पुन्हा तांब्या मागायचे. दीड-दोन वर्षांनी ते गेले. मी हत्यारं विकली आणि गावातल्या बालवाडीत लागले.

बायजाआई त्या घरात एकटी राहिली. मोहल्ल्यातल्या बायका जेवण नेऊन द्यायच्या. ती घ्यायची नाही. दुसऱ्याच्या हातचं काहीही तिच्या तोंडात जात नसे. स्वतः चूल पेटवायची, स्वतः निवडायची, स्वतः खायची. मग तिचे हात थरथरायला लागले, चुलीत एकदा पदर पेटला, शेजारणींनी चूलच मोडून टाकली. त्यानंतर ती तीन दिवस उपाशी होती असं मला कळलं.

मी भात आणि लाखोळीची डाळ घेऊन गेले. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले. शिव्या आल्या नाहीत. मी ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नजर निवलेली नव्हती.

"तू खा," ती म्हणाली.

मी खाली बसले, भात कालवला आणि एक घास खाल्ला. ती माझ्या गळ्याकडं बघत होती, घास खाली उतरेपर्यंत. मी दुसरा घास घेणार तर तिनं हातानं थांबवलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. ऊन अंगणात सरकलं. भात गार झाला. मला काही होत नाही अशी तिची खात्री पटली तेव्हा तिनं ताट आपल्याकडं ओढलं.

मी रोज जायला लागले. रोज तेच. आधी मी खायचं, मग तिनं थांबायचं, मग गार झालेलं अन्न खायचं. आम्ही फार बोलायचो नाही. कधी ती विचारायची, नागपूर किती लांब आहे. मी सांगायची. मी तिला दोनदा फागूला भेटवून आणलं. जाळीच्या पलीकडं उभा राहून तो तिला म्हणायचा, "जेवतेस का?" ती म्हणायची, "जेवतो." दुसऱ्या खेपेला परत निघताना त्यानं मला हात जोडले. मला ते सहन झालं नाही. आजही आठवलं की सहन होत नाही.

मी त्याला ठाण्यात नेलं ते चुकलं, असं मला कधी वाटलं नाही. पुन्हा तोच दिवस आला तर मी पुन्हा तेच करीन. एवढं मात्र खरं, की बायजाआईच्या ताटातला तो घास मी कधीच सहज गिळला नाही.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात जेलमध्ये तापाची साथ आली. फागू गेल्याचा निरोप ठाण्यामार्फत आला. फौजदार नवा होता, त्यानं पाटलाला सांगितलं, पाटलानं मला. बायजाआईला मीच सांगितलं. ती रडली नाही. भिंतीकडं तोंड करून निजली. त्या दिवशी मी ताट तसंच परत आणलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर ती उठून बसली होती. विस्कटलेले केस तिनं मागं बांधले होते. मी ताट ठेवलं, नेहमीप्रमाणं खाली बसले आणि भात कालवायला हात पुढं केला.

तिनं माझं मनगट धरलं.

"थांब, आई, मी आधी..."

"काहून?" ती म्हणाली.

तिनं माझा हात बाजूला केला. ताटातला भात तिच्या थरथरत्या बोटांनी उचलला आणि वाफ निघत असतानाच तोंडात घातला. तोंड भाजलं असावं. डोळ्यांत पाणी आलं. ती चावत राहिली, गिळलं, पुन्हा घास उचलला.

"आता कायचं भेव, पोरी?" ती म्हणाली. "आता तूही खा."